तुमचे प्रश्न : गलबतांतून काय आलं आणि कोणाच्या जिवावर आलं

मागच्या अंकात वास्को द गामा कालिकतला कसा पोहोचला यावर मी एक लहानसं टिपण दिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं गामाबद्दल नाहीतच. कुणी उपासाच्या ताटाबद्दल विचारलं आहे, कुणी जुन्या चांदीबद्दल, कुणी आपल्या आरमाराबद्दल. मला याचा फार आनंद झाला. दर्यावर्दींची नावं आणि सनावळी शिकवण्यात माझी नोकरीची वर्षं गेली, पण हा इतिहास खरा कळतो तो अशाच प्रश्नांतून. म्हणून या वेळचं सगळं सदर याच पत्रांना देते.

प्रश्न : बाई, आमच्या पुस्तकात लिहिलं आहे की वास्को द गामाने भारताकडे येणारा सागरी मार्ग शोधला. माझा मित्र म्हणतो, अरब आणि गुजराती लोक तर आधीपासून समुद्रातून ये-जा करत होते, मग त्याने शोधलं काय? आमचं भांडण मिटवा.
— नववीतला विद्यार्थी, नाशिक

तुझ्या मित्राचं म्हणणं खरं आहे. अरबी समुद्र ओलांडणं ही १४९८ साली नवी गोष्ट नव्हती. पूर्व आफ्रिकेतलं मालिंदी, मग एडन, होर्मुझ, खंबायत, चौल, दाभोळ, कालिकत, मलाक्का ही बंदरं शेकडो वर्षं एकमेकांशी व्यापार करत होती. पावसाळ्याचे नैर्ऋत्य वारे कधी सुटतात, थंडीतले ईशान्य वारे कधी धरायचे, हे या किनाऱ्यांवरच्या तांडेलांना पाठ होतं. आपले कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या लोटतात, तो याच वेळापत्रकाचा भाग आहे.

गामा आफ्रिकेला वळसा घालून मालिंदीपर्यंत आला. युरोपसाठी ती वाट नवीन होती आणि ती पार करायला छाती लागत होती, हे मान्य करायलाच हवं. पुढे मात्र त्याला वाटाड्या लागला. मालिंदीच्या राजाने तो दिला. हा वाटाड्या गुजरातचा होता, असं सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. त्याच्या भरवशावर जहाजांनी सुमारे २३ दिवसांत समुद्र ओलांडला आणि १४९८च्या मे महिन्यात ती कालिकतजवळ पोहोचली. परत जाताना गामाने वाऱ्याची वाट पाहिली नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ईशान्य वारे नीट धरायच्या आधीच, तो कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला. तोच समुद्र ओलांडायला त्याला या खेपेला जवळजवळ तीन महिने लागले. ताजं अन्न नाही, हिरड्या सुजून दातांवर चढलेल्या, अंगावर डाग, अशा अवस्थेत तीसेक माणसं त्या एकाच टप्प्यात गेली. उरलेल्यांना सगळी जहाजं हाकता येईनात, म्हणून एक जाळून टाकावं लागलं. येताना २३ दिवस, जाताना तीन महिने. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. वाऱ्याचं ज्ञान कोणाकडे होतं, ते वर्गाला आपोआप समजेल.

आणखी एक प्रसंग सांगते. कालिकतला गामाचा जो माणूस पहिल्यांदा किनाऱ्यावर उतरला, त्याला तिथे ट्यूनिसचे दोन व्यापारी भेटले. ते त्याच्याशी स्पॅनिश आणि जिनोआची भाषा बोलले आणि तुम्ही इथे कुठून आलात म्हणून चकित झाले. म्हणजे भूमध्य समुद्राकडची माणसं कालिकतच्या बाजारात आधीच होती! गामाने सामुद्रीसाठी, म्हणजे कालिकतच्या राजासाठी, जो नजराणा काढला, त्यात पट्ट्यापट्ट्यांचं कापड, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध होतं. दरबारची माणसं ते पाहून हसली. मक्केचा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, म्हणाली. गामाच्याच एका सोबत्याच्या रोजनिशीत हे सगळं आहे.

मग बदललं काय? इथल्या लोकांना हवा असलेला माल पोर्तुगीजांकडे नव्हता, पण जहाजांवर तोफा होत्या. त्या तोफांच्या जोरावर त्यांनी सांगायला सुरुवात केली की हा समुद्र आमच्या राजाचा. १४९४ मध्ये स्पेन आणि पोर्तुगालने तोर्देसिल्यासच्या तहात न पाहिलेलं जग आपसांत वाटून घेतलं होतंच. आता आपल्या समुद्रात जहाज न्यायचं तर पोर्तुगीजांचा परवाना घ्यायचा, तो कार्ताझ. परवाना नसेल तर जहाज आणि माल जप्त, माणसं कैद किंवा त्याहून वाईट. परवाना असला तरी त्यांच्या ठाण्यावर थांबून जकात भरायची आणि त्यांनी मना केलेला माल न्यायचा नाही. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तेव्हा तिलाही या परवान्यापायी सुरतेत सुमारे वर्षभर खोळंबावं लागलं. बादशहाच्या घरच्या बाईची ही गत, तर चौलच्या एखाद्या नाखव्याचं काय होत असेल?

हे मुकाट्याने कोणी मान्य केलं नाही. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार आणि गुजरातच्या सुलतानाचा दीवमधला सुभेदार मलिक अयाझ यांनी मिळून पोर्तुगीजांना हरवलं. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. पुढच्याच वर्षी दीवला त्याच्या बापाने सूड घेतला. माझं आजोळ रेवदंड्याच्या कोटाच्या आत आहे. चौलची ती लढाई आमच्या खाडीत झाली, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून तुला सांगते आहे.

तेव्हा भांडण असं मिटवा: अटलांटिक आणि हिंदी महासागर एकमेकांना जोडण्याचं काम पोर्तुगीजांनी केलं. मालिंदीपासून अलीकडची वाट आधीच वाहती होती.

प्रश्न (दोन पत्रं एकत्र) : सासूबाई उपासाला टोमॅटो चालू देत नाहीत, "परकं आहे ते" म्हणतात. पण बटाटाही परकाच ना? मग साबुदाणा, शेंगदाणे, मिरची? यातलं आपलं नक्की काय?
— एक गृहिणी, कराड

नोकरीनिमित्त आम्ही मेक्सिको सिटीत राहतो. इथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरांघरांत, कबरींवर सगळीकडे झेंडू असतो. आणि बाजारात मिळते ती हुबेहूब राजगिऱ्याची चिक्की! ही आपल्याकडून इकडे आली का?
— एक वाचक, मेक्सिको

कराडच्या ताई, तुमचं पत्र वाचून मी खिचडीची कढई डोळ्यांसमोर आणली. साबुदाणा आज बनतो तो कसाव्याच्या कंदापासून. हा कंद दक्षिण अमेरिकेतला, ब्राझीलकडचा. (साबुदाण्याचा दुसरा, जुना प्रकार आग्नेय आशियातल्या एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यापासून होतो. पण आपल्या वाण्याकडे येतो तो मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमकडचा, कसाव्याचा.) शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांतला. मिरची मेक्सिकोकडची. कढईत आपल्या बाजूचं उरतं ते तूप, जिरं आणि मीठ. जिरंही फार पूर्वी पश्चिमेकडून आलेलं.

ताटातला रताळ्याचा कीस, पेरू, पपई, अननस हेही अमेरिकेचेच. इथलं जुनं म्हणाल तर वरी, शिंगाडा, सुरण, केळं, नारळ.

हे सगळं एकदम आलं नाही. अननस लवकर रुळला. जहांगीर लिहितो की फिरंग्यांच्या बंदरांतून आलेलं हे फळ आग्र्याच्या बागेत दरसाल हजारोंनी निघतं. तंबाखूची गोष्ट तर आपल्या दख्खनचीच आहे. अकबराचा अधिकारी असद बेग विजापूरला आला होता, तिथे त्याला तंबाखू सापडली, आणि ती त्याने रत्नजडित नळीसकट बादशहापुढे नेली. हकीम नको म्हणत असताना बादशहाने दोन-चार झुरके घेतले. आणखी काही वर्षांतच, १६१७ मध्ये, जहांगीरला तंबाखूवर बंदीचा हुकूम काढावा लागला, इतकी ती पसरली. बटाटा आणि टोमॅटो मात्र पुष्कळ उशिरा, इंग्रजांच्या काळात घरोघरी गेले. मिरचीचं तर मला अजून नवल वाटतं. अकबराच्या मुदपाकखान्याच्या याद्यांत मिऱ्यांचा भाव आहे, सुंठ आहे, मिरची नाही. तोवर आपला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा होता. मिरी मलबारहून विकत आणावी लागे. मिरची गरिबाच्या परसात उगवली, उन्हात वाळली, वर्षभर टिकली. राजाने हुकूम काढून ती आणली नाही; भाकरीबरोबर काहीतरी हवं होतं म्हणून बायकांनी ती लावली आणि वाढवली. भारतातल्या स्वयंपाकाची एवढी मोठी उलथापालथ ज्यांनी केली, त्या बायकांपैकी एकीचंही नाव कुठल्या दप्तरात नाही.

उपासाला हे पदार्थ का चालले असावेत? मला वाटतं, उपासाचा निषेध धान्याला आहे. कंदमुळं, फळं पहिल्यापासून चालत आली. समुद्रापलीकडचे हे कंद आणि दाणे जुन्या याद्यांत नव्हतेच, त्यामुळे त्यांना कोणी अडवलं नाही. टोमॅटो उशिरा आला आणि भाजीत जाऊन बसला. सासूबाईंचा नियम पाळा, तो घरचा आहे. पण "परकं" हे कारण देऊ नका. त्या कारणाने आख्खं ताट रिकामं होईल.

मेक्सिकोच्या वाचकांना सांगायचं ते असं की तुमच्या बाजारातली चिक्की आपल्याकडून गेलेली नाही, उलटा प्रवास झाला आहे. राजगिरा मूळचा मेक्सिको आणि अँडीज पर्वताकडचा. स्पॅनिश लोक येण्याआधी अ‍ॅझ्टेक राज्यात तो खंडणीत घेतला जाई. राजगिऱ्याचं पीठ मधात मळून त्याच्या देवमूर्ती करत, पूजा झाली की ती मूर्ती मोडून प्रसाद म्हणून वाटत. स्पॅनिश पाद्र्यांना हा आपल्या धर्माचा अपमान वाटला. त्यांनी ती पूजा मोडून काढली, आणि पूजेबरोबर पिकालाही उतरती कळा लागली. खेड्यापाड्यांतल्या लोकांनी ते कसंबसं जपलं, म्हणून तुम्हाला आज ती चिक्की दिसते. ज्या दाण्याला तिथे देवाच्या नावाने हद्दपार केलं, तोच इकडे एकादशीच्या ताटात बसला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही वाचवेना.

झेंडूही मेक्सिकोचाच. तिथे तो मेलेल्या माणसांना घरची वाट दाखवतो, आपल्याकडे दसऱ्याला दारावर चढतो. त्याआधीचा आपला दसरा आपट्याची पानं, आंब्याचे डहाळे आणि भाताच्या लोंब्यांचा. निशिगंधही मेक्सिकोतून आला. देवळाच्या आवारात असतो तो पांढरा देवचाफा मध्य अमेरिकेकडचा. सोनचाफा मात्र आशियातला.

प्रश्न : मग श्रीखंडातलं जायफळ आणि मसाल्यातली लवंगही पोर्तुगीजांनीच आणली का?
— एक वाचक, इचलकरंजी

नाही. ही दोन्ही फार पूर्वीपासून आपल्याकडे येत होती. लवंग उगवे ती आजच्या इंडोनेशियातल्या तेर्नाते, तिदोरे अशा मूठभर बेटांवर, आणि जायफळ फक्त बांदा बेटांवर. मलाक्कामार्गे हा माल गुजरात-मलबारला येई. या बेटांसाठीच तर एवढी जहाजं निघाली. स्पेनने पाठवलेल्या मॅगेलन या दर्यावर्दीच्या मोहिमेची पाच जहाजं १५१९ मध्ये निघाली. १५२२ मध्ये त्यातलं एकच जहाज १८ युरोपीय खलाशी घेऊन स्पेनला परतलं, आणि त्यातल्या लवंगांनी मोहिमेचा खर्च भरून निघाला असं सांगतात.

जायफळाबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान पीटरझोन कूनने बांदा बेटं जिंकली. तिथली वस्ती सुमारे १५,००० होती; कत्तल, उपासमार आणि हद्दपारीनंतर हजारभर उरली असा अंदाज आहे. मग बागांवर काम करायला गुलाम आणले गेले. बेटावरच्या माणसांचा गुन्हा इतकाच की त्यांना आपलं जायफळ ज्याला हवं त्याला विकायचं होतं.

प्रश्न : आमचा पिढ्यांचा सराफीचा धंदा. आपल्याकडे चांदीच्या खाणी नावापुरत्या, तरी मोगल रुपया चांदीचा आणि घराघरांत चांदी. एवढी चांदी आली कुठून?
— एक सराफ, जळगाव

तुमच्या प्रश्नाची मी मनापासून वाट पाहत होते.

१५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर, पोतोसी इथे चांदीचा आख्खा डोंगर स्पॅनिशांच्या हाती लागला. १५७०च्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदोने तिथे वेठ बसवली. आजूबाजूच्या प्रांतांतल्या आदिवासी गावांनी आपल्या पुरुषांपैकी साधारण सातवा हिस्सा दरसाल पोतोसीला पाठवायचा. वर्षाला सुमारे १३,००० माणसं. बायकामुलंही बरोबर चालत जात. आत अंधार, धूळ, पाठीवर खनिजाची ओझी आणि चढायला कातड्याच्या शिड्या. वर आल्यावर चांदी वेगळी करायला पारा वापरत. तो हुआंकावेलिकाच्या खाणीतून येई आणि तिथल्या मजुरांचे हातपाय कापू लागत, दात पडत. किती माणसं परत आपल्या गावी गेली नाहीत, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. चांदीचा मात्र ठेवला.

या चांदीचे आठ रियालचे नाणे पाडले जात. ते जगभर चाललं. एक वाट पनामा, सेव्हिल, लिस्बन, आम्स्टरडॅम, लंडन अशी येऊन तिथून गोवा आणि सुरतेला. दुसरी तुर्कस्तान-इराणातून तांबड्या समुद्राने किंवा होर्मुझमार्गे. तिसरी वाट थेट पॅसिफिक ओलांडून: १५७१ मध्ये स्पॅनिशांनी मनिला वसवली, आणि १८१५ पर्यंत अकापुल्को-मनिला अशी गलबतं चालू राहिली. तिथून चांदी चीनमध्ये, कारण चीनचं सरकार आपला कर चांदीत घेऊ लागलं होतं. तिकडून रेशीम निघे.

आता आमच्या चौलकडे या. डच माणूस लिन्सखोटेन १५८०च्या दशकात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. तो लिहितो की चौलला चीनहून कच्चं रेशीम येतं आणि तिथे कातून, विणून त्याचं कापड होतं. म्हणजे अँडीजच्या वेठबिगाऱ्याने काढलेली चांदी, चीनच्या शेतकऱ्याचं रेशीम आणि चौलच्या विणकराचा माग, एका दोऱ्यात ओवलेले! यांतल्या कोणीही दुसऱ्याचं नाव ऐकलेलं नव्हतं.

युरोपीय व्यापाऱ्यांपुढे अडचण गामाच्या नजराण्याचीच होती. त्यांच्या लोकरीच्या कापडाला इथे गिऱ्हाईक नव्हतं. आपलं सुती कापड, नीळ, मिरी घ्यायची तर रोख चांदी मोजावी लागे. ती सुरतेच्या टांकसाळीत वितळून रुपया होई. कोकणच्या बंदरांत चाले ती लारी, दुमडलेल्या तारेचं चांदीचं नाणं. विजापूरच्या आदिलशहानेही ती पाडली. तुमच्या घराण्यातल्या जुन्या पारखींनी ती हाताळली असेल. मोगल मुलखात सारा रोखीत भरायचा झाला, तेव्हा शेतकऱ्याला पीक बाजारात नेणं भाग पडलं आणि गावात सावकाराचं वजन वाढलं. चांदीने नुसती पेटी भरली नाही, गावातली माणसामाणसांतली देणीघेणीही बदलली.

अजून एक धागा आहे, तो सांगताना मला जड जातं. आपल्या कोरोमंडल आणि गुजरातच्या कापडाचा मोठा वाटा युरोपीय व्यापारी पश्चिम आफ्रिकेला नेत आणि त्या बदल्यात माणसं विकत घेत. मालदीवच्या कवड्याही त्याच कामी येत. अमेरिकेत देवी आणि गोवराच्या साथींनी, युद्धांनी आणि वेठीने मूळची वस्ती इतकी खचली होती की मळ्यांना माणसं उरली नव्हती. सुमारे साडेतीन शतकांत साधारण सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंबलं गेलं. त्यातली सुमारे १८ लाख वाटेतच मेली. कापड विणणाऱ्याला आपलं ठाण कुठे जातं हे ठाऊक नव्हतं, त्याला मी दोष देत नाही. पण "भारतीय कापडाने जग जिंकलं" असं आपण अभिमानाने लिहितो, तेव्हा हा हिशेब त्याच पानावर हवा.

गुलामांचा व्यापार हिंदी महासागरात युरोपीयांच्या आधीपासून होता, हेही सांगायला हवं. अहमदनगरची निजामशाही सावरून धरणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला आणि लहानपणी विकला गेला होता. पण एका माणसाला असा वर यायला वाव मिळाला म्हणून तो व्यापार सौम्य ठरत नाही. गोव्याच्या बाजारात मोझांबिकची माणसं लिलावाने विकली जात होती.

प्रश्न : या सगळ्यात आपली माणसं फक्त सोसतच राहिली का? शिवाजी महाराजांचं आरमार, कान्होजी आंग्रे यांचं काय?
— एक वाचक, मालवण

सोसत राहिली नाहीत. महाराजांनी १६५०च्या दशकाच्या अखेरीला कल्याण-भिवंडीकडे जहाजं बांधायला घेतली, तेव्हा रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीजाला आणि त्याच्या कारागिरांना कामाला लावलं. शत्रूची विद्या शत्रूकडूनच शिकायची. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना धोका कळला आणि ही माणसं काम सोडून निघून गेली, तरी जहाजं बांधणं थांबलं नाही.

मला मात्र सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते १६७१चं मिठाबद्दलचं पत्र. गोव्याच्या बारदेशचं मीठ स्वस्त पडे, त्यामुळे व्यापारी तिकडे वळून आपली मिठागरं बसतील, हे महाराजांनी ओळखलं. कुडाळच्या सुभेदाराला त्यांनी लिहिलं की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे ते आपल्या मिठाहून महाग पडेल. लढायांच्या धामधुमीत मिठाच्या भावावर नजर ठेवणारा राजा! समुद्रावरची सत्ता जकातीत असते, हे या माणसाला पुरतं उमगलं होतं.

कान्होजींनी पुढचं पाऊल टाकलं. आपल्या किनाऱ्यावरून जायचं तर त्यांचा दस्तक घ्या, असं त्यांनी ठरवलं. दोनशे वर्षं आपल्या नाखव्यांकडून कार्ताझ मागणाऱ्यांनाच आता परवाना मागितला जाऊ लागला. ते त्याला चाचेगिरी म्हणत. पण नियम तोच होता, फक्त हात बदलला होता. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली आणि हात हलवत परतले.

आपली मर्यादाही सांगते. गुराबा (मोठी लढाऊ जहाजं) आणि गलबतं किनाऱ्यालगत, खाड्यांच्या तोंडाशी फार कामाची. महासागर ओलांडून लढणारी जहाजं आपण बांधली नाहीत. रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकरांना, म्हणजे युरोपीयांना, समुद्रकाठी जागा देऊ नका, असं आज्ञापत्रात बजावून ठेवलं होतं. तरीही १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांना चिरडलं, आणि त्यात मराठ्यांचंच आरमार जळालं. घरातलं भांडण मिटवायला त्यांनी समुद्रावरचं दार उघडून दिलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रश्न : आम्ही दहा-बाराजण दिवाळीनंतर अलिबागकडे येतो आहोत. या इतिहासातलं प्रत्यक्ष काय बघता येईल?
— एक मैत्रिणींचा गट, पुणे

रेवदंड्याला या. गाव पोर्तुगीज तटाच्या आतच वसलं आहे. नारळी-सुपारीच्या वाड्यांतून चालता चालता मध्येच चर्चच्या भिंती आणि सातखणी मनोऱ्याचे अवशेष दिसतात. जुनं चौल शेजारीच आहे. मग कुंडलिका खाडीपलीकडे कोर्लईला जा. किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक भाषा आजही घरांत बोलली जाते. तिथली माणसं तिला नौ लिंग म्हणतात. १७४० मध्ये पोर्तुगीज गेले, पण तिथल्या लोकांनी ती सोडली नाही.

किल्ल्यावर सकाळी लवकर चढा, उन्हात दमाल. कोर्लईत कोणाच्या घरी गेलात तर आधी विचारा, मग फोन पुढे करा. ती त्यांची रोजची बोली आहे. आणि खाडीच्या तोंडाशी उभ्या राहिलात की १५०८ची लढाई इथल्या पाण्यात झाली, हे बरोबरच्या मुलींना सांगा. तिथे पाटी नाही.